अनुदान नव्हे, दंड तर नव्हेच

प्रश्न असा आला आहे : "आयर्लंड आणि अ‍ॅपलच्या प्रकरणाबद्दल एका बातमीत '१३ अब्ज युरोंचे बेकायदा अनुदान' असे वाचले, दुसऱ्या बातमीत त्याच रकमेला 'दंड' म्हटले होते. युरोपच्या कायद्यात याला 'स्टेट एड' म्हणतात असे कळले. मराठीत अनुदान म्हणावे की राज्य साहाय्य?"

दोन्ही नकोत. दंडाकडे शेवटी येतो, आधी अनुदानाचा निकाल लावू.

अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? शाळेच्या पाटीवरचे 'अनुदानित', नाहीतर ठिबकच्या नळ्यांचे खात्यावर जमा झालेले पैसे. कुणीतरी देतो, कुणीतरी घेतो, रक्कम या हातातून त्या हातात जाते. शब्दाच्या पोटातच दान बसलेले आहे. आयर्लंडने अ‍ॅपलला छदामही दिला नव्हता. त्याने १९९१ आणि २००७ साली करनिर्णय दिले, म्हणजे तुमचा नफा आम्ही अमुक रीतीने मोजू असे लिहून दिले. त्या मोजणीचा परिणाम असा झाला की, युरोपीय आयोगाच्या (म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाच्या) हिशेबाप्रमाणे, २०१४ साली कंपनीच्या युरोपातल्या नफ्यावरचा कर ०.००५ टक्क्यावर आला. दहा लाख युरोंच्या नफ्यावर पन्नास युरो! आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला याहून जास्त देत असेल. पण यात दिले काय? काहीच नाही. घ्यायचे होते ते घेतले नाही. न घेण्याला अनुदान म्हणणारा उद्या उपासाला जेवण म्हणेल.

हा भेद मी पदरचा काढत नाही. युरोपीय संघाचा पूर्वज असलेल्या कोळसा-पोलाद समुदायाच्या १९५१ च्या तहात 'सबसिडी किंवा एड' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते. तेव्हा जमिनीखाली उतरणाऱ्या जर्मन खाणकामगारांना पाळीमागे बोनस मिळे आणि त्याचा भार सरकारी तिजोरी उचले. शेजारच्या लिम्बुर्गमधल्या डच खाणींनी हरकत घेतली. १९६१ साली लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगून टाकले की एड हा सबसिडीहून मोठा शब्द आहे. रोख देणे तर त्यात येतेच, शिवाय धंद्याने एरवी स्वतः सोसायचा भार हलका करणेही येते. करमाफी, बाजारभावापेक्षा स्वस्त जमीन, फुकटची सरकारी हमी, हे सगळे त्यात बसते. कायदा मदतीचे रूप बघत नाही, परिणाम बघतो. आज हा नियम युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या तहाच्या कलम १०७ मध्ये आहे : सरकारी साधनांतून, कोणत्याही स्वरूपात, ठरावीक उद्योगांनाच झुकते माप मिळाले, त्याने स्पर्धा बिघडली किंवा बिघडायची भीती निर्माण झाली आणि सदस्य देशांमधल्या व्यापाराला बाधा आली, तर ते अंतर्गत बाजाराशी विसंगत. नैसर्गिक आपत्तीतली भरपाई वगैरे अपवाद त्याच कलमात पुढे आहेत. बाकी मदत द्यायचीच असेल तर आधी आयोगाला कळवा आणि होकार येईपर्यंत हात आखडता ठेवा, असे कलम १०८ सांगते. तीन वर्षांत ३ लाख युरोंपर्यंतची (२०२३ पर्यंत ही मर्यादा २ लाख होती) मदत किरकोळ धरतात, तिला हे कळवणे नाही.

'राज्य साहाय्य' हे परिभाषा बनवणाऱ्यांचे लाडके रूप. त्यांना विचारावेसे वाटते, तुम्ही मराठी वर्तमानपत्र शेवटचे कधी वाचलेत? 'राज्याची मदत' म्हटले की वाचकाला मंत्रालय आठवते, डब्लिन नाही. आणि कलम १०७ मधले 'स्टेट' तर एखाद्या नगरपालिकेलाही लागू होते. तिने स्वस्तात दिलेला भूखंडही त्यात सापडू शकतो. (सहाय्य की साहाय्य या भांडणातून मी निवृत्त झालो आहे. सहाय म्हणजे सोबती, साहाय्य म्हणजे मदत, आणि 'सहाय्य' म्हणजे सरकारी फलक.) एका मुरलेल्या अनुवादकांनी तर मला 'राजाश्रय' सुचवला. राजाश्रय गवयांना असतो आणि पैलवानांना असतो. विमान कंपनीला राजाश्रय दिला तर ती दरबारात काय गाणार आहे?

आता खरी गंमत सांगतो. सबसिडी हा शब्द मुळात पैशाचा नाहीच, तो बसण्याचा आहे. लॅटिन सुब्सिदिउम म्हणजे राखीव सैन्य. जुन्या रोमन फौजेच्या तीन रांगा असत. शेवटच्या रांगेत मुरलेले शिपाई, त्यांना त्रिआरी म्हणत. पुढच्या दोन रांगा लढत तोवर हे खाली बसून असत. व्हारो या रोमन पंडिताने व्युत्पत्ती स्वच्छ दिली आहे : ते खाली बसत, म्हणून सुब्सिदिउम. पुढच्या रांगा मोडल्या की ते उठत. 'गोष्ट त्रिआरींवर आली' ही रोमनांची म्हणच होती. अगदीच गळ्याशी आले की म्हणायची.

शब्द फोडून बघा. सुब आणि सेद्. सेद् म्हणजे आपला सद् धातू. परिषद, संसद, सभासद ही सगळी त्याच घरची मंडळी. प्रसादही तिथलाच. सत्यनारायणाचा शिरा आणि सबसिडी हे मावसभाऊ आहेत असे मी म्हणतो तेव्हा लोक हसतात, पण नाते खोटे नाही. (आसन मात्र यात घुसवू नका. तो आस् धातू, घराणे वेगळे.) आणि सुब म्हणजे आपला उप, पुढे एक स चिकटलेला. उप अधिक सद्. मध्ये 'नि' घातला की उपनिषद. गुरूच्या पायाशी बसणे हा त्याचा अर्थ आता बऱ्याच अभ्यासकांना पटत नाही, ते 'गूढ संबंध' असा काहीसा अर्थ लावतात. लावोत बापडे, घटक तर तेच राहतात ना?

'नि' काढून टाकला तरी संस्कृतात शब्द उरतोच, उपसद. सोमयागातल्या काही विधींचे हे नाव, आणि त्याचा दुसरा अर्थ वेढा! तैत्तिरीय संहितेत देव असुरांची तीन पुरे याच उपसदांनी जिंकतात. म्हणजे तेच दोन घटक घेऊन रोमनांनी आपल्या फौजेच्या मागे बसणारे केले आणि आपल्या पूर्वजांनी शत्रूच्या किल्ल्याभोवती बसणारे. मी पहिल्यांदा हे जुळवले त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला धरून सांगितले होते. कुणालाही विशेष काही वाटले नाही.

आणखी एक. मराठी 'बसणे' हे संस्कृत उपविश् वरून आले. उपविशति, मग बइसणे, मग बसणे. आरंभीचा 'उ' झिजला, 'प'चा 'ब' झाला. म्हणजे आपण रोज 'बसा' म्हणतो त्यातल्या 'ब'मध्ये तोच उप दडून बसला आहे, जो सबसिडीत पहिल्या अक्षरात बसला आहे.

या फौजेचे पैसे कधी झाले? एका राजाने दुसऱ्याला सैन्य ठेवायला रक्कम द्यायची, तिलाही युरोपात सबसिडी म्हणू लागले. १७५८ साली इंग्लंडने प्रशियाच्या फ्रेडरिकला वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड कबूल केले, तेही याच नावाने. आणि हा शब्द आपल्याकडे आला तो गॅसच्या सिलिंडरबरोबर नव्हे. तैनाती फौज आठवा! इंग्रजीत तिचे नाव 'सब्सिडिअरी फोर्स', आणि तिच्या खर्चासाठी संस्थानिकाने द्यायच्या रकमेला सबसिडी. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने सहा हजार शिपायांच्या बदल्यात २६ लाखांचा मुलूख लावून दिला. कुणाला? एका व्यापारी कंपनीला. राज्याने आपल्या साधनांतून एकाच ठरावीक कंपनीला दिलेला लाभ! कलम १०७ च्या कसोट्या भराभरा लागू पडताहेत. तेवढी आयोगाची पूर्वपरवानगी घ्यायची राहिली.

ज्यांना हा योगायोग वाटतो त्यांनी आपले शब्द तपासावेत. कुमक घ्या. मूळ तुर्की, फारसीत आजही कोमक म्हणजे साधी मदत. मराठीत आल्यावर त्याने शिरस्त्राण चढवले आणि ती लष्करी झाली. लॅटिन शब्द रणांगणातून तिजोरीत गेला, हा उलटा निघाला. मदत घ्या. अरबी मदद, धातूचा अर्थ ताणणे, वाढवणे, आणि तिथेही ज्यादा सैन्य पाठवणे हा अर्थ जुनाच. माझे मत असे की मदतीचे शब्द छावणीत जन्मतात, नाहीतर छावणीत मोठे होतात. एक भाषाशास्त्रज्ञ परिचित म्हणाले, "तीन उदाहरणांवर सिद्धांत?" चौथे लगेच दिले : पाठबळ. पाठीमागचे बळ, म्हणजे थेट त्रिआरींची रांग. त्यावर ते म्हणाले की त्रिआरी बसतात आणि पाठबळ पाठीशी उभे राहते. अशा माणसांशी मी जेवणाच्या वेळी बोलत नाही.

तर माझा कौल 'सरकारी पाठबळ' याला. रोख दिले तरी पाठबळ, कर सोडला तरी पाठबळ, कर्जाला जामीन राहिले तरी पाठबळ. जर्मनांनीही असाच सैल शब्द घेतला आहे, बायहिल्फं, म्हणजे जोडीची मदत. फौजदारी कायद्यात त्याच शब्दाचा अर्थ गुन्ह्याला साथ देणे असा होतो. आयर्लंडच्या वकिलांना हे कुणी सांगितले की नाही कोण जाणे.

एक उणीव माझ्या शब्दातही आहे, ती कबूल करतो. जर्मनीत वीज कंपन्यांनी पवनऊर्जा ठरलेल्या किमान भावाने घेतलीच पाहिजे असा कायदा होता. पवनचक्कीवाल्यांना पाठबळ मिळाले यात शंका नाही, पण पैसा गेला वीज कंपन्यांचा. २००१ साली न्यायालयाने म्हटले, सरकारी साधने खर्ची पडली नाहीत, सबब ही एड नव्हे. म्हणजे पाठबळ सरकारचे असून भागत नाही, पैसाही सरकारचा लागतो. तेव्हा काटेकोर लिहिणाराने 'सरकारी खर्चाने पाठबळ' लिहावे. लांब होते, पण बातमीच्या पहिल्या वाक्यात एकदा लिहिले की पुढे नुसते पाठबळ चालेल. आणि सार्वजनिक सेवेच्या बोजापुरती मोजून दिलेली भरपाई, उदाहरणार्थ तोट्यातला बसमार्ग चालवल्याबद्दल, चार अटी पाळल्या तर एड ठरतच नाही. हा २००३ चा आल्टमार्क निकाल. तिच्यासाठी आपल्याकडे 'प्रतिपूर्ती' हा शब्द तयार आहे. जिभेला जड आहे, पण नेमका आहे.

राहिला दंड. दंड चुकीबद्दल होतो आणि शिक्षा करणाऱ्याकडे जमा होतो. अ‍ॅपलचे १३ अब्ज ब्रुसेल्सच्या, म्हणजे आयोगाच्या, खिशात जाणार नव्हते, ते आयर्लंडच्याच तिजोरीत परत यायचे होते. कंपनीला शिक्षा नव्हती, न मिळायला हवा होता तो लाभ काढून घेऊन बाजार पूर्ववत करायचा होता. आयोगाचा आदेश ऑगस्ट २०१६ चा. आयर्लंड स्वतः त्याविरुद्ध न्यायालयात गेला! २०१८ मध्ये रक्कम व्याजासह तात्पुरत्या राखीव खात्यात ठेवली गेली, २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने आदेश रद्द केला आणि १० सप्टेंबर २०२४ ला वरच्या न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. आठ वर्षे एक सरकार 'आम्हाला हे पैसे नकोत' म्हणून भांडत होते. याला दंड म्हणाल तर तो भरला कुणी आणि मिळाला कुणाला, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

शब्द साधा आहे : वसुली. मूळ अरबी वुसूल, अर्थ येऊन पोचणे. आयर्लंडकडे ते पैसे तसेच येऊन पोचले, तो दार लावून बसला होता तरी.