खिशातल्या मशीनने बघितलं, मग परत टूडी इको कशाला?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही यावल तालुक्यातले, घरची केळी आहे. आई ६२ वर्षांची. महिन्यापासून पायाला सूज, रात्री आडवं झालं की दम लागतो, मग खाटेवर बसूनच रात्र काढते. ॲडमिट केल्यावर डॉक्टरांनी कॉटवरच मोबाईलला जोडलेलं छोटं मशीन छातीवर फिरवलं, पाच मिनिटांत सांगितलं हार्टचं पंपिंग कमी आहे, आणि वर जळगावला टूडी इको (मोठ्या मशीनवरची हार्टची सोनोग्राफी) करा म्हणून चिठ्ठी दिली. एकच तपासणी दोनदा कशाला? आणि असं मशीन आहे तर घरी येऊन का बघत नाहीत, आमची आजी तर अंथरुणाला खिळलेली आहे.

उत्तर : भाऊ, चिठ्ठी बरोबर आहे, या आठवड्यातच जा.

त्या पाच मिनिटांत काय झालं ते सांगतो. आईला डाव्या कुशीवर वळवलं असेल, गार जेल लावून बरगड्यांच्या फटीतून बघितलं असेल, कारण हे छोटं मशीन म्हणजे सोनोग्राफीच, आणि हाडातून आणि हवेतून तिच्या लहरी नीट जात नाहीत. स्क्रीनवर हार्टचा डावा कप्पा आवळतो की नुसता थरथरतो हे सवयीच्या डोळ्याला लगेच कळतं. मग प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, छातीच्या हाडाखाली पोटावर, तिथे हार्टकडे जाणारी मोठी शीर दिसते. जोरात नाकाने श्वास ओढला की ती चेपायला पाहिजे, ती २.१ सेंटीमीटरपेक्षा जाड आणि चेपतच नाही म्हणजे अंगात पाणी साठल्याची शक्यता मोठी. हार्टभोवती पाणी झालंय का तेही दिसतं.

याचा खरा फायदा मला दम लागलेल्या पेशंटमध्ये वाटतो. आपल्याकडे आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला दम लागला की दमाच म्हणायचं आणि पंप हातात द्यायचा, असं मी कितीदा बघितलंय, आणि निघतं हार्ट फेल्युअर, म्हणजे हार्टचं पंपिंग कमी पडणं. नुसत्या स्टेथोस्कोपने कधीकधी दोन्हीत फरक करणं खरंच अवघड जातं. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेली गरोदर पोरगी, जरा चाललं की धाप, सगळे म्हणतात रक्त कमी आहे, आणि मशीन ठेवलं तर हार्टच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप हॉकीच्या काठीसारखी वाकलेली, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली. ही गोष्ट बाळंतपणाच्या आधी कळणं आणि नंतर कळणं यात जीवाचा फरक आहे.

पण हे मशीन "काहीतरी मोठं आहे का" एवढंच विचारायला आहे. झडप किती अरुंद, किती गळते, पंपिंग नक्की किती टक्के (साधारण ५५ च्या वर नॉर्मल धरतात), फुफ्फुसाकडचं प्रेशर किती, ही मोजमापं मोठ्या मशीनवर नीट होतात आणि पुढची औषधं त्यावर ठरतात. आणि पंपिंग का कमी झालं? हार्टच्या नसेतला ब्लॉकेज छोट्या मशीनवर दिसत नाही, टूडी इकोतही सहसा थेट दिसत नाही, त्याला ईसीजी आणि गरज पडली तर अँजिओग्राफी.

घरी का येत नाहीत, तर कायदा आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यात खिशातलं मशीनही येतं, त्याची नोंदणी लागते, आणि पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या दवाखान्यातल्या ॲडमिट पेशंटसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. मुलींचा जीव गेलाय म्हणून तो कायदा आला, त्यामुळे मला तो जाचक वाटत नाही, पण आजीसारख्यांची अडचण होते हे खरं. तिला ॲम्ब्युलन्सने आणावंच लागेल.

जाताना ईसीजी, चालू गोळ्यांची पाकिटं आणि छोट्या मशीनवरची क्लिप सेव्ह असेल तर तीही न्या. लोणचं-पापड आजपासून बंद. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी आईचं वजन करून कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा बसूनही दम लागायला लागला, तर जळगावच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी १०८ ला फोन करा.