‘पिशवी उलटी आहे’ म्हणजे नेमकं काय?

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न असा: सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘युटेरस रेट्रोव्हर्टेड’ असं लिहून आलं. (युटेरस म्हणजे गर्भाशय, बोलण्यातली ‘पिशवी’.) नात्यातल्या एका बाईंनी त्याचा अर्थ लावला, ‘पिशवी उलटी आहे, म्हणूनच दिवस राहत नाहीत.’ तर रेट्रोव्हर्टेडला मराठीत ‘उलटी’ म्हणणं बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं? आणि मूल होण्या-न होण्याशी त्याचा खरंच संबंध असतो का?

‘उलटी’ हा शब्द इथे बसत नाही. नुसता बसत नाही एवढंच असतं तर मी सोडूनही दिलं असतं, पण बाईच्या मनातली निम्मी भीती या एका शब्दाने घातलेली असते.

‘उलटा’ आपण किती अर्थांनी वापरतो बघा. पेला उलटा ठेवला, म्हणजे तोंड खाली, बूड वर. सदरा उलटा घातला, म्हणजे आतली बाजू बाहेर. कागद उलटा धरला, काम उलटं झालं, उलटं उत्तर दिलं. या प्रत्येक ठिकाणी काहीतरी जसं असायला हवं तसं नाही, आणि ते सुलटं करायला हवं, ही सूचना शब्दातच आहे. रेट्रोव्हर्टेडमध्ये ती नाही. ‘रेट्रो’ म्हणजे मागे, आणि ‘व्हर्ट’ आला लॅटिनमधल्या वळण्याच्या क्रियापदातून. मागे वळलेलं, मागे कललेलं, इतकंच. (स्वभावाच्या बाबतीत आपण ज्याला इंट्रोव्हर्ट म्हणतो, त्यातला व्हर्ट हाच.)

आता गंमत अशी की पिशवीचं रूपक जर काटेकोर चालवायचं ठरवलं, तर पिशवी प्रत्येकीचीच उलटी असते. ‘पिशवीचं तोंड’ आपण ज्याला म्हणतो ते खालच्या बाजूला, योनीत उघडतं. बंद टोक वरच्या बाजूला. लॅटिनमध्ये शरीररचना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही असंच काही भांडं असावं, कारण गर्भाशयाच्या सगळ्यात वरच्या भागाला त्यांनी ‘फंडस’, म्हणजे तळ, असं नाव दिलं. तळ वर आणि तोंड खाली! म्हणजे ज्यांच्या रिपोर्टात ‘अँटिव्हर्टेड’ लिहिलेलं असतं आणि ज्यांना ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पाठवतात, त्यांचीही पिशवी या हिशेबाने उलटीच.

अँटिव्हर्टेड म्हणजे पुढे कललेलं. गर्भाशय ओटीपोटात उभं ताठ नसतं. बहुतेक बायकांमध्ये ते पुढे, मूत्राशयावर झुकलेलं असतं. साधारण पाचांतल्या एकीचं मात्र पाठीच्या कण्याकडे झुकलेलं असतं. काहींचं मधोमध. बरं, ही स्थिती खिळा ठोकल्यासारखी पक्की नसते. मूत्राशय भरलं की गर्भाशय थोडं मागे ढकललं जातं, रिकामं झालं की परत येतं. बाळंतपणात आधार देणारे बंध सैल होतात, त्यानंतरही कल बदलू शकतो. रिपोर्टात जोडीला ‘अँटिफ्लेक्स्ड’ किंवा ‘रेट्रोफ्लेक्स्ड’ असंही कधी कधी लिहिलेलं असतं. ती वेगळी गोष्ट. ‘व्हर्जन’ म्हणजे योनीच्या रेषेशी गर्भाशयाच्या तोंडाचा कोन, ‘फ्लेक्शन’ म्हणजे गर्भाशयाच्या मुख्य भागाचं मानेपाशी वाकणं. मराठीत पहिल्याला कल आणि दुसऱ्याला बाक म्हटलं की काम भागतं.

मग ‘उलटी’ हा शब्द वापरायचाच नाही का? वापरायचा, पण ज्या एका अवस्थेला तो अक्षरशः लागू पडतो तिच्यासाठी राखून ठेवावा. क्वचित कधी प्रसूतीनंतर वार सुटताना गर्भाशयाचा वरचा भाग आत खचतो आणि उलट्या सदऱ्यासारखी आतली बाजू बाहेर येते. तिला ‘इन्व्हर्शन’ म्हणतात. त्यात भरमसाट रक्तस्राव होतो, बाई शॉकमध्ये जाऊ शकते, आणि डॉक्टरांना मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवून गर्भाशय जागेवर बसवावं लागतं. एका शब्दाखाली ही जिवावरची अवस्था आणि पाचांतल्या एकीची निरुपद्रवी ठेवण अशा दोन्ही गोष्टी कोंबणं मला तरी पटत नाही.

घोळ इथेच थांबत नाही. ‘पिशवी खाली आली’, ‘अंग बाहेर येतं’ हे तिसरंच प्रकरण. त्यात आधार सैल पडून गर्भाशय योनीकडे उतरतं. ‘बाळ उलटं आहे’ किंवा ‘पायाळू आहे’ हे पोटातल्या बाळाबद्दलचं बोलणं, गर्भाशयाबद्दलचं नव्हे. शिवाय गर्भारपणाच्या सुरुवातीच्या सोनोग्राफीनंतर ‘पिशवी दिसली, ठोके अजून नाहीत’ असं सांगतात, तेव्हा ती पिशवी गर्भाशयाच्या आतली, गर्भाभोवतीची असते. फोनवर तिसऱ्या माणसापर्यंत पोचेतो यातलं काय कशात मिसळेल, सांगता येत नाही.

आता दिवस राहण्याबद्दल. नुसत्या मागच्या कलाने गर्भधारणा अडत नाही. शुक्रजंतू गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्रावात शिरतात आणि पुढे आपल्या हालचालीने व गर्भाशयाच्या आकुंचनाने वर जातात. गर्भाशय पुढे कललंय की मागे, याने त्यांचं काही बिघडत नाही. म्हणून संबंधानंतर पालथं झोपा, पाय भिंतीला लावा असल्या सल्ल्यांनी मनस्ताप तेवढा वाढतो. पूर्वी मात्र डॉक्टरही या कलाला दोष द्यायचे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या ह्यू हॉज यांनी मागे कललेलं गर्भाशय पुढे धरून ठेवण्यासाठी खास वळणाची पेसरी, म्हणजे योनीत बसवायचं आधाराचं कडं, बनवलं; ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गर्भाशय ओढून पुढे बांधायच्या शस्त्रक्रियाही पुष्कळ झाल्या. वंध्यत्वावरचा सरसकट उपाय म्हणून आज त्या कोणी करत नाही.

पण एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा: ‘मागे कललेलं आहे ते हलतं आहे, की चिकटलेलं?’ जन्मजात ठेवण असेल तर गर्भाशय सहज हलतं. एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), जुन्या जंतुसंसर्गामुळे किंवा आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आत चिकटे तयार झाले असतील, तर ते मागे ओढलं जाऊन तिथेच अडकून राहतं. कधी फायब्रॉइडची गाठही त्याला मागे लोटते. अशा वेळी दिवस न राहण्याचं कारण तो मूळ आजार असतो: नळ्या बंद होणं, बीजकोशांभोवती चिकटे होणं. पाळीत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, अशा तक्रारी असतील तर तपास त्या दिशेने व्हायला हवा. आणि वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत, दोघांचीही तपासणी करून घ्यावी. ‘पिशवी उलटी’ म्हटलं की नवऱ्याची वीर्यतपासणी राहूनच जाते, हा या शब्दाचा आणखी एक तोटा.

कुणी म्हणेल, काही बिघडत नाही तर रिपोर्टात लिहितात कशाला? कारण आत जाणाऱ्याला दिशा माहीत असावी लागते. तांबी बसवताना किंवा आयव्हीएफमध्ये गर्भ आत सोडताना नळी कुठे वळवायची हे त्यावर ठरतं. दिशा चुकली तर भिंतीला इजा होऊ शकते. म्हणजे ‘रेट्रोव्हर्टेड’ हे रोगनिदान नाही, ठेवणीचं वर्णन आहे.

दिवस राहिल्यावर काय होतं? वाढणारं गर्भाशय बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास आपणहून ओटीपोटाच्या खोबणीतून वर येतं, आणि त्यानंतर पुढचं-मागचं हा भेदच उरत नाही. सुरुवातीला पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून योनीमार्गे करावी लागू शकते, इतकाच फरक. अगदी क्वचित ते खालीच अडकतं. त्याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लघवी अडणं, जोर करूनही थेंब थेंबच होणं. तसं झालं तर घरगुती उपाय करत न बसता लगेच डॉक्टरांकडे जावं.

राहता राहिला मराठी शब्द. ‘पश्च’ लावून जडजंबाल संस्कृत शब्द घडवता येतील, पण दवाखान्यातून बाहेर पडलेली बाई ते बोलणार नाही. ‘मागे कललेलं गर्भाशय’, बोलताना ‘पिशवी मागे कललेली आहे’, हे मला पुरेसं वाटतं. ‘कलणं’ या क्रियापदात दोष नाही, नुसती दिशा आहे. आपल्या जुन्या ‘कूस’ या शब्दातही बाजू आणि उदर असे दोन्ही अर्थ आहेतच. ‘कूस बदलली’ म्हटल्यावर कोणी घाबरत नाही. ‘कूस उजवणं’ यातल्या ‘उजवणं’चा अर्थ मात्र सफल होणं, पार पडणं असा, व्रत उजवतात तसा, उजव्या बाजूचा तिथे संबंध नाही. योगायोग म्हणजे वाढलेलं गर्भाशय बहुधा थोडंसं उजवीकडेच फिरतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग असतो. त्यावरून व्युत्पत्ती रचायचा मोह तेवढा कोणी करू नये.