खरबुजाच्या वेलाने मान टाकली तर आधी पाणी थांबवा

प्रश्न: जानेवारीच्या शेवटी परसात खरबुजाचे सहा वेल लावले. माती काळी आहे. फळं लिंबाएवढी झाली आणि वेल दुपारी सुकल्यासारखे दिसायला लागले, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी देते. तरी दोन वेल चार दिवसांत वाळून गेले. शेजारचं कलिंगड मात्र हिरवंगार आहे. कोणतं औषध मारू?

उत्तर: ताई, औषधाचं नंतर बघू. पाणी आजच थांबवा.

उन्हाळ्यात खरबुजाचं रुंद पान भर दुपारी मान टाकतंच आणि उन्हं उतरली की पुन्हा उभं राहतं. तो रोग नव्हे. वेल सकाळी सातला बघा. तेव्हाही पानं लोंबत असतील तर खोट मुळात किंवा बुंध्यात आहे. मग दोन पेरं बोट मातीत खुपसा. काळ्या मातीला दोन वेळा पाणी दिलं तर वाफसा, म्हणजे मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळेल अशी स्थिती, येतच नाही. मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. वेल तहानलेला दिसतो, आपण आणखी पाणी घालतो! माझ्या पाहण्यात परसबागेतले बरेचसे वेल असेच जातात.

आता वाळलेला एक वेल खुरप्याने माती सैल करून मुळांसकट काढा. मुळं तपकिरी, लिबलिबीत आणि साल बोटाने सुटणारी असतील तर ती मूळकूज. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे. यांतलं काहीच नसेल तर ब्लेडने बुंधा उभा चिरा. आतल्या शिरा तपकिरी दिसल्या तर तो मर रोग, म्हणजे फ्युजेरियम बुरशी. माझा संशय यावरच आहे. फळं धरली की वेलावर ताण येतो आणि हा रोग तेव्हाच उघडा पडतो. शिवाय कलिंगडाला मर लावणारी बुरशी वेगळी असते. पाणी दोघांना सारखंच मिळालं असेल, तर मग खरबूजच का गेलं? तरी बुंधा चिरून बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

बुंध्याला बाहेरून भेग, डिंक आणि बारीक काळे ठिपके असले तर तो डिंक्या, हाही बुरशीचाच रोग.

मर लागलेला वेल वाचत नाही. वाचवतो म्हणणाऱ्याची बाटली विकत घेऊ नका. तो वेल जाळा, कंपोस्टात टाकू नका. उरलेल्या चार वेलांना वाफसा आल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम घेऊन बुंध्याशी आळवणी करा, म्हणजे ते पाणी मातीत ओता. हातमोजे घाला, फळांवर उडू देऊ नका. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. ती द्यायची तर त्यानंतर पंधरा दिवसांनी, चांगल्या कुजलेल्या शेणखतातून. दोन्ही एकदम दिले तर तांब्याने ट्रायकोडर्माही मरू शकतो. गाठी सापडल्या तर वेलामागे मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा.

मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून त्या वाफ्यात पुढे मका लावा. खरबूज हवंच असेल तर नवी माती भरलेल्या, तळाला भोकं पाडलेल्या गोणीत घ्या.

आणि हो, उरलेल्या वेलांवर दोन-दोनच फळं ठेवा. बाकीची आळवणीच्या आधी खुडा, कोवळ्या फळांची भाजी होते.