आणीबाणी ‘वाढवली’ म्हणजे नक्की काय केलं?

प्रश्न असा आलाय. एका ताईंची बहीण कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहते. शेजारच्या टस्टिन शहरात नोव्हेंबर २०२३ मध्ये एका जुन्या लष्करी हँगरला प्रचंड आग लागली होती, त्यावर ताई मराठीत लिहितायत आणि त्यांचं वाक्य आहे, "धोकादायक इमारतीच्या आगीनंतर शहराने स्थानिक आणीबाणी वाढवली." घरातल्या दोघांनी वाचून नाक मुरडलं. एक म्हणाला आणीबाणी हा शब्दच नको, दुसऱ्याने विचारलं की आग विझली म्हणतेस मग आणीबाणी वाढली कशी. ताईंचं म्हणणं, इंग्रजी बातमीत शब्दाला शब्द हेच आहे, मग चुकलं कुठे?

ताई, शब्दाला शब्द आहे हे खरंच, गोची तिथेच आहे. तुमच्या वाक्यातला एकेक शब्द मराठीत आधीच दुसरीकडे नोकरीला आहे.

आधी ‘वाढवली’ घेतो कारण मला त्यात जास्त मजा येते. वाढणं म्हणजे मोठं होणं, जास्त होणं. ताप वाढला, भाव वाढले, पाऊस वाढला. त्यामुळे ‘आणीबाणी वाढली’ वाचलं की मराठी माणसाच्या डोक्यात पहिलं चित्र येतं ते परिस्थिती चिघळल्याचं, म्हणजे आग अजून पसरली वगैरे, मुदत वाढल्याचं नाही. तुमच्या दुसऱ्या वाचकाने नेमकं तेच विचारलंय, त्याला दोष देऊ नका. शिवाय आपल्याकडे जेवण वाढतात, आणि त्याहून गंमत म्हणजे आपण जे मोडतं-फुटतं तेही वाढवतो! नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. लहानपणी एकदा दुकानाच्या पूजेला मी "काका नारळ फोडा ना लवकर" म्हणालो तर आत्याने तिथल्या तिथे पाठीत धपाटा घातला होता, "फोडा काय, वाढवा म्हण." तिच्या हातातली बांगडीसुद्धा कधी फुटली नाही, नेहमी वाढलीच. आता या हिशोबाने आत्याला "शहराने आणीबाणी वाढवली" असं ऐकवलं असतं तर तिने कदाचित "बरं झालं, संपली एकदाची" असं म्हटलं असतं. तुमच्या मूळ बातमीच्या बरोब्बर उलटं!

मग इंग्रजीतल्या त्या ‘एक्स्टेंड’ या क्रियापदाला मराठीत काय म्हणायचं? वर्तमानपत्रांनी हे कधीच सोडवून ठेवलंय, ‘मुदतवाढ’. राष्ट्रपती राजवटीला सहा महिन्यांची मुदतवाढ, अर्ज भरायला मुदतवाढ, टेंडरला मुदतवाढ. २०२० मध्ये तर आपण सगळे यात पीएचडी झालो, १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. तेव्हा ‘लॉकडाऊन वाढवला’ हे सर्रास चालून गेलं आणि कोणाला खटकलंही नाही, कारण लॉकडाऊनला तारीख चिकटलेलीच होती, वाढली ती तारीखच हे कळत होतं. म्हणजे नियम असा काढता येईल की ज्याला मुदत आहे हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं ते नुसतं ‘वाढवलं’ तरी चालतं, बाकीच्या वेळी ‘मुदत’ हा शब्द बोलून दाखवावा लागतो. (मुदत अरबीतून फारसीमार्गे आलेला, वाढ आपला, आणि संसार एकदम सुखाचा.)

पण टस्टिनच्या बाबतीत मला मुदतवाढही पूर्ण पटत नाही. कॅलिफोर्नियात याचा जो कायदा आहे, १९७० सालचा इमर्जन्सी सर्व्हिसेस ॲक्ट, त्यात दोन टप्पे आहेत. शहराच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने, म्हणजे बहुतेक ठिकाणी सिटी मॅनेजर, आपल्याकडच्या नगरपरिषदेचा मुख्याधिकारी डोळ्यासमोर आणा, त्याने ही स्थिती जाहीर केली तर ती सात दिवसच टिकते. तेवढ्यात कौन्सिलने, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभेने, शिक्कामोर्तब केलं नाही तर संपली. आणि कौन्सिलने एकदा मान्यता दिली की पुढे ठरलेली शेवटची तारीख अशी नसतेच, दर ६० दिवसांत एकदा तरी बैठकीत विषय घ्यायचा, गरज अजून आहे का ते बघायचं, असेल तर चालू ठेवायची, नसेल तर संपल्याचं जाहीर करायचं. म्हणजे कौन्सिल दर खेपेला करते काय, तर ‘चालू ठेवते’, ‘कायम ठेवते’. इंग्रजी बातमीदार त्याला सोयीसाठी एकच शब्द वापरतो, आपण मात्र ‘कायम ठेवली’ म्हटलं तर अर्थाला जास्त जवळ जातो. सात दिवसांच्या टप्प्याबद्दल लिहायचं असेल तर ‘मान्यता दिली’ किंवा ‘शिक्कामोर्तब केलं’ लिहा. सरकारी मराठीत ‘अनुसमर्थन’ असा एक भारदस्त शब्द आहे, तो लग्नात फेटा घातल्यासारखा वाटतो, रोज घालून फिरता येत नाही.

आता आणीबाणी. हा शब्द चुकीचा आहे का? अजिबात नाही. आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत हाच आहे, ‘आणीबाणीची उद्घोषणा’. अनुच्छेद ३५२ म्हणा, ३६० ची आर्थिक आणीबाणी म्हणा. हिंदीवाले तिथे ‘आपात’ म्हणतात, आपण आणीबाणी. शिवाय ‘आणीबाणीची वेळ’, ‘आणीबाणीचा प्रसंग’ हे साध्या बोलण्यातले आहेत, घरात गॅस संपला आणि दारात पाहुणे आले तर तोही आणीबाणीचा प्रसंगच. अडचण अशी की विशेषण, प्रसंग, वेळ असं काही न लावता नुसती ‘आणीबाणी’ म्हटली की ती एकच असते, २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. मिसा कायद्याखाली खटल्याविना अटका, सेन्सॉर, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या ती. त्यात ‘वाढवणे’ जोडलं की अजूनच पंचाईत, कारण तेव्हा लोकसभेची मुदत खरोखरच वाढवली होती.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. टस्टिनच्या आगीच्या वेळी आमच्या एका नातेवाइकाने तिकडून मराठीत मेसेज पाठवला होता, साधारण तुमच्यासारखाच, "इथे आणीबाणी जाहीर झालीये, आम्ही घरातच आहोत." माझी आई सत्तरीपुढची, तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला विचारलं, "पकडतायत का रे तिकडे लोकांना?" मी सांगितलं अगं आग लागलीये, धुरातून ॲस्बेस्टॉस उडालंय म्हणून खिडक्या लावून बसलेत. तर म्हणाली, "मग तसं लिहावं ना." आईपुढे शब्दकोश काढून उपयोग नसतो.

म्हणून माझं मत, परदेशातल्या शहरापुरत्या अशा घोषणेला ‘आपत्कालीन स्थिती’ म्हणावं. विशेषण लावून आणीबाणी चालते, २०२० च्या जानेवारीत ‘जागतिक आरोग्य आणीबाणी’ आपण वाचलीच की, पण ‘स्थानिक आणीबाणी’ कानाला चमत्कारिक लागते, आणि मुंबईकराला ‘लोकल इमर्जन्सी’ म्हटलंत तर तो विचारेल सेंट्रलला का हार्बरला.

इथे शुद्धलेखनाचा एक उपप्रश्न येतो तोही उरकून टाकू. आपत्कालीन का आपातकालीन? आपद् म्हणजे संकट, आपत्ती त्याच कुळातली, आपद्धर्मही तिथलाच. आपद् अधिक काल झाला आपत्काल, त्यावरून आपत्कालीन. ‘आपात’ हा वेगळा शब्द, पत् म्हणजे पडणे या धातूवरून, अचानक कोसळणं, त्यावरून हिंदीतला आपातकाल. दोन्ही आपापल्या जागी नीट आहेत. पण दोघांची मोट बांधून ‘आपात्कालीन’ असं जे पाट्यांवर दिसतं, प ला काना आणि त चा पाय मोडलेला, ते दोन्हीकडचं नाही. आणि या सगळ्यांपेक्षा मला अजूनही एसटीतली पाटी आवडते, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. कोणाला समजावून सांगावी लागली नाही कधी. दवाखान्यात मात्र ‘तातडीची सेवा’, तिथे संकटकाळ लिहिला तर पेशंट आणखी घाबरेल.

आता सगळ्यात फसवा शब्द, जो तुमच्या घरच्या दोघांच्याही नजरेतून सुटलाय. ‘धोकादायक इमारत’. हे तुम्ही मुंबईत कोणालाही विचारा, धोकादायक इमारत म्हणजे पडायला आलेली इमारत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची आणि म्हाडाची यादी येते, धोकादायक, अतिधोकादायक, रहिवासी घर सोडत नाहीत, नोटीस लागते. त्यामुळे तुमचं वाक्य वाचून मला क्षणभर गिरगावातली टेकू लावलेली चाळच दिसली. टस्टिनला धोका इमारत पडण्याचा नव्हता, धोका होता तो जळून हवेत जे उडालं त्याचा. तो हँगर १९४२ च्या सुमाराचा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदल पाणबुड्यांवर नजर ठेवायला मोठाली फुग्यासारखी हवाई जहाजं वापरायचं, ती ठेवायला बांधलेला, पोलाद युद्धासाठी राखून ठेवायचं म्हणून चक्क लाकडाचा. लांबी हजार फुटांहून जास्त, उंची सतरा मजल्यांएवढी. ७ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पेटला, हेलिकॉप्टरने पाणी मारून बघितलं, शेवटी अग्निशमन दलाने तो जळून खाली बसू दिला. मग ढिगाऱ्यात ॲस्बेस्टॉस आणि शिसं सापडलं, शाळा बंद झाल्या, बागा बंद झाल्या, लोकांच्या अंगणात पडलेल्या तुकड्यांना हात लावू नका अशा सूचना निघाल्या.

तेव्हा इथे विशेषण इमारतीला नाही, राखेला किंवा राडारोड्याला लावा, आणि ‘धोकादायक’पेक्षा ‘घातक’ बरं, आपल्याकडे घातक कचरा हा शब्द रुळलेला आहे. राडारोडा मी मुद्दाम म्हणतोय. पडलेल्या-पाडलेल्या बांधकामाच्या कचऱ्याला हा आपला अस्सल शब्द असताना टीव्हीवर हल्ली ‘मलबा’ चाललेला असतो, ‘मलब्याखाली अडकले’ वगैरे, ऐकलं की मी आवाज बंद करतो. माणसं ढिगाऱ्याखाली अडकतात. ॲस्बेस्टॉसला मराठी शब्द शोधत बसू नका, हवं तर एवढं सांगा की आपल्याकडे ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात त्यात जे तंतू घालायचे तेच हे. अख्खा पत्रा डोक्यावर असताना कोणी विचार करत नाही, तो फुटला, जळला, त्याची भुकटी श्वासातून छातीत गेली की त्रास, आणि तोही वर्षानुवर्षांनी दिसणारा. एवढं लिहिलंत की "आग विझली तरी कशाला चालू ठेवली" या प्रश्नाचं उत्तर आपोआप येतं, कारण ही घोषणा आगीसाठी उरलेलीच नसते, सफाईसाठी असते. ती लागू असली की शहराला कंत्राटं नेहमीची लांबलचक प्रक्रिया न करता देता येतात, शेजारच्यांची, राज्याची मदत मागता येते, पुढे खर्च परत मागताना कागद हातात असतो. त्यात पोलिस, कर्फ्यू असलं काही असायलाच हवं असं नाही.

आपल्याकडे या मापाची गोष्टच नाही म्हणून शब्दही तयार नाही, हेही आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्ह्याच्या पातळीवर प्राधिकरण असतं, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, नगरपरिषद स्वतः बसून ठराव करून असं काही जाहीर करत नाही. त्यामुळे ‘शहराने जाहीर केली’ हे वाक्यच आपल्याला जरा अनोळखी लागतं. तिथे ‘टस्टिनच्या सिटी कौन्सिलने’ असंच लिहा, नगरपालिका केलं तर वाचणारा आपल्या नगरपालिकेचे अधिकार लावून बघेल. तसंच पुढे कुठे तिथल्या गव्हर्नरचा उल्लेख आला तर गव्हर्नरच ठेवा, त्याला राज्यपाल करू नका, तो निवडून येतो आणि कारभार चालवतो, आपल्या हिशोबात तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

क्रियापदांचंही बघा. आणीबाणी ‘पुकारतात’, ‘लागू करतात’, राग असेल तर ‘लादतात’, आणि शेवटी ‘उठवतात’. आपत्कालीन स्थिती मात्र पुकारत नाहीत, ‘जाहीर करतात’, आणि ती ‘उठवली’ पेक्षा ‘संपल्याचं जाहीर केलं’ असं बरं दिसतं.

मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं: "हँगरची आग विझली, पण घातक राख आणि राडारोडा उचलण्याचं काम बाकी असल्याने टस्टिनच्या सिटी कौन्सिलने शहरापुरती जाहीर केलेली आपत्कालीन स्थिती यापुढेही कायम ठेवली आहे." लांब झालं, मान्य. मथळ्यासाठी हवं असेल तर "टस्टिनमध्ये आपत्कालीन स्थिती कायम".

आणि हो, हँगर. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, देवनागरीत विमानांचा आणि कपड्यांचा हँगर सारखाच दिसतो. पहिल्यांदा येईल तिथे ‘हवाई जहाजं ठेवायची लाकडी शेड’ असं लिहून टाका, पुढे मग खुशाल हँगर म्हणा, नाहीतर आमच्या आईसारखं कोणीतरी विचारेल की कपाट पेटलं का.