माल बिघडतो तो दोन हातांच्या मधे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. सप्लाय चेन, म्हणजे माल बागेतून दुकानापर्यंत नेणारी साखळी, हा विषय यंदा अभ्यासाला आहे, पुस्तकात चौकोन आणि बाण खूप आहेत, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, असं तू लिहिलंस. मोकळेपणाने लिहिलंस हे फार बरं केलंस. माझी पंचवीस वर्षं नाशिकच्या द्राक्ष निर्यातीत गेली, म्हणून मी द्राक्षावरूनच सांगतो.

तुझ्या आकृतीत शेतकरी, पॅकहाउस (माल निवडून पेट्यांत भरायची जागा), बंदर, आयातदार, दुकान असे चौकोन असतील. सगळे विद्यार्थी चौकोनच पाठ करतात. तू बाणांकडे बघ. माल एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जातो, ती जागा म्हणजे बाण. मी जेवढा बिघडलेला माल पाहिला, त्यातला बराचसा अशाच जागी बिघडला होता.

दिंडोरी-पिंपळगाव भागात जानेवारी ते एप्रिल काढणी चालते. घड सकाळी, उन्हं तापायच्या आत कापायचे. कापल्या क्षणापासून त्या घडाचे दिवस मोजायला लागायचं. क्रेटमधून माल पॅकहाउसला येतो. बायका कात्रीने खराब मणी काढतात, घड पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत, भरतात, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात, कारण बुरशीला तोच रोखतो. मग पेट्या प्रीकूलिंगला. तिथे फळाच्या आतली उष्णता काढून ते शून्य अंशाच्या आसपास आणायचं असतं. हवेचं तापमान बघून भागत नाही. सुईचा थर्मामीटर मण्यात खुपसून गराचं तापमान घ्यावं लागतं.

हे नीट समजून घे, कारण रीफर कंटेनरबद्दल, म्हणजे गार हवेची सोय असलेल्या कंटेनरबद्दल, मोठमोठ्या लोकांचा गैरसमज असतो. रीफर म्हणजे फ्रीज, आत ठेवलं की गार होईल, असं त्यांना वाटतं. रीफर थंडी टिकवण्यासाठी बनवलेला असतो. खालच्या खाचांतून गार हवा येते, पेट्यांमधून वर चढते आणि परत फिरते. म्हणून आत भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नाही. ट्रेलर दारात उभा आहे, ड्रायव्हर घाई करतोय म्हणून आठ अंशाचा माल भरला, तर त्या मालाचे कितीतरी मोलाचे तास गार होण्यातच जातात. प्रीकूलिंगमधले चार तास वाचवणारा माणूस पुढे दुकानातले चार दिवस घालवतो.

आता माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. एका हंगामात आमचा कंटेनर रॉटरडॅमला उघडला तेव्हा पनेटच्या आत पाण्याचे थेंब होते, देठ तपकिरी पडले होते आणि करडी बुरशी सुरू झाली होती. पॅकहाउसमधून निघताना गराचं तापमान बरोबर होतं, त्याची नोंद माझ्या सहीची होती. पेटीत ठेवलेल्या लॉगरचा, म्हणजे प्रवासभर तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख मागवला. सरळ रेघ, मग एकदम चढ, मग परत सरळ रेघ. तारीख-वेळ जुळवून पाहिली. कंटेनर बोटीवर चढायच्या आधी यार्डात होता तेव्हाचा तो चढ. ट्रेलरच्या जेनसेटवरून (वीज पुरवणाऱ्या जनरेटरवरून) कंटेनर उतरवला आणि यार्डातल्या प्लगला जोडेपर्यंत साडेनऊ तास गेले. ड्रायव्हरने पोहोचवल्याची पावती दिली होती. यार्डाकडे आत आल्याची नोंद होती. शिफ्ट बदलली होती. सगळ्यांचे कागद बरोबर होते आणि माल गेला होता. ज्या शेतकऱ्याचा तो माल होता, त्याच्यासमोर मी काय बोललो असेन याची कल्पना कर.

त्यानंतर आम्ही एक साधा कागद सुरू केला. प्रत्येक बाणावर वेळ, तापमान, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. दोन्ही सह्या एकाच वेळी झाल्याशिवाय माल सोडायचा नाही. पुढच्या नोकरीत कोणतंही सॉफ्टवेअर समोर आलं, तर हा कागद त्यात कुठे आहे ते आधी शोध.

तुम्हाला इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जाते ते ठरवणाऱ्या व्यापाराच्या अटी, शिकवतात ना? एफओबी (फ्री ऑन बोर्ड) म्हणजे जोखीम बोटीवर माल चढल्यावर खरेदीदाराकडे जाते, एवढं पाठ करून मुलं पुढे जातात. पण कंटेनर तू बोटीपाशी देत नाहीस, यार्डात किंवा टर्मिनलवर देतेस. तिथून बोटीवर चढेपर्यंत माल तुझ्या ताब्यात नाही, जोखीम मात्र तुझीच. माझे साडेनऊ तास बरोबर त्या फटीत पडले होते. इन्कोटर्म्स ठरवणारी इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था कंटेनरच्या मालाला एफसीए (फ्री कॅरियर) वापरा असं सांगते, ते यासाठीच: वाहतूकदाराच्या हवाली केलं की जोखीमही गेली. आणि सीआयएफमध्ये (कॉस्ट, इन्शुरन्स, फ्रेट) भाडं व विमा विक्रेता भरतो म्हणून जोखीमही रॉटरडॅमपर्यंत त्याचीच, असं समजू नकोस. ती बोटीवर माल चढतानाच सुटते. परीक्षेत हा प्रश्न हमखास चुकतो, व्यवहारात त्याहून महागात पडतो.

लीड टाइमकडेही, म्हणजे माल निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागणाऱ्या वेळेकडेही, याच नजरेने बघ. घडाचं आयुष्य ही एकच शिल्लक आहे आणि साखळीतला प्रत्येक जण त्यातून खर्च करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, डिसेंबरपासून कंपन्यांनी बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली आणि युरोपचा प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. भाडं वाढलं ते सगळ्यांना दिसलं. पण ते दिवस दुकानातल्या फळीवरचे होते. तो माल पाठवायचा तर घड जास्त टणक हवा, देठ जास्त हिरवा हवा, म्हणजे समुद्रातली अडचण थेट बागेतल्या कात्रीपर्यंत येऊन पोहोचते. शिवाय तितके दिवस पैसाही पाण्यावर अडकतो. तुझे फायनान्सवाले मित्र हा मुद्दा लगेच उचलतील.

आणि साखळी कुठून सुरू होते, हे मला २०१० च्या हंगामाने शिकवलं. क्लोरमेक्वाट, म्हणजे आपल्याकडे ज्याला लिहोसिन म्हणतात ते वाढरोधक, याचे अंश युरोपात द्राक्षांत सापडले आणि कंटेनर अडकले. आपल्याकडे ते औषध वेलीची वाढ आवरायला सर्रास मारलं जायचं, खरड छाटणीनंतरही, म्हणजे काढणी झाल्यावर एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतरही. म्हणजे एप्रिलमधल्या एका फवारणीचा हिशेब पुढच्या वर्षी परदेशातल्या प्रयोगशाळेत झाला. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणक नोंदीवर प्लॉटची नोंदणी असते, पेटीवरून प्लॉटपर्यंत मागे जाता येतं. माल पुढे जातो तशी माहिती मागे येऊ शकली पाहिजे. त्यावर्षी ज्यांच्या फवारणीच्या वह्या खऱ्या होत्या, त्यांना निदान नेमकं काय घडलं ते सांगता आलं.

स्पेशलायझेशनचं विचारलंस. एक्सेल नीट शिक, वेअरहाउसचे हिशेब येऊ देत, ते जमेल तुला. मला काळजी वेगळीच आहे. कॉलेजातून येणारी हुशार मुलं सहा महिने स्क्रीनवरच माल बघतात आणि मग मधल्या साडेनऊ तासांचा संशयही त्यांना येत नाही.

फेब्रुवारीत सुट्टी काढून ये. पहाटे साडेपाचला बागेवर जाऊ, एकाच क्रेटवर खूण करू आणि ते क्रेट कंटेनरचं सील लागेपर्यंत तू सोडायचं नाहीस. वही, घड्याळ आणि जाड स्वेटर आण. कोल्ड स्टोअरमध्ये पेनची शाई धरत नाही, म्हणून पेन्सिलही ठेव.

तुझा,
काका