आजीचं मत घरून, माझं रांगेतून

तुम्ही विचारलंय की केंद्रावर न जाता मत देता येतं का आणि कुणी दिलं असेल तर अनुभव काय. आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत म्हणून सांगते.

आम्ही पुण्यात. १३ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, आजी तेव्हा ८७ ची, गुडघे पार गेलेले. ८५ च्या वरच्यांना आणि ४०% किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेल्यांना घरून मत देता येतं हे आम्हाला कळेपर्यंत मुदत संपून गेली होती, मग तिला रिक्षातून शाळेपर्यंत नेलं आणि तिथून व्हीलचेअरवर आत. रांगेतल्या लोकांनी लगेच पुढे जाऊ दिलं, पण उन्हात तिचा चेहरा एवढासा झाला होता आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

विधानसभेला चूक केली नाही. घरून मत द्यायचा अर्ज म्हणजे १२ डी फॉर्म, तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो, तो ऐन दिवाळीच्या तोंडावर भरून बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) दिला. मग २० नोव्हेंबरच्या मतदानाच्या आधीच एक दिवस निवडणूक कर्मचाऱ्यांची टीम घरी आली, सोबत पोलीस आणि व्हिडिओवाला पण. इथे मशीन नसतं, कागदी मतपत्रिका असते, त्यावर पेनाने खूण करून पाकिटात बंद करायची. पुठ्ठ्याचा आडोसा लावला तरी बाबा सवयीने तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, खूण कुठे करायची ते दाखवायला. अधिकारी बाईंनी त्यांना शांतपणे आतल्या खोलीत पाठवलं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण केंद्रावर मत गुप्त ठेवायला सगळी यंत्रणा असते पण घरात आपलीच माणसं आजूबाजूला असतात आणि म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तुमच्या घरी टीम आली तर प्लीज स्वतःहून बाहेर जा.

एक लक्षात ठेवा, घरून मतदान मंजूर झालं की यादीत तशी नोंद होते, नंतर मन बदललं तरी केंद्रावर मत देता येत नाही.

तुम्ही धडधाकट असाल आणि नुसते नोकरीसाठी दुसऱ्या गावी असाल तर मात्र पोस्टाने वगैरे काही नाही, एकतर फॉर्म ८ भरून नाव तिकडे हलवा नाहीतर गावी या. माझा भाऊ बंगळुरूहून रात्रीच्या बसने आला होता. परदेशातल्या भारतीयांनाही यादीत नाव असेल तर पासपोर्ट घेऊन इथेच यावं लागतं.

आणि १२ डी प्रत्येक निवडणुकीला नव्याने भरायचा असतो, मागच्या वेळचा चालत नाही.