ग्रीसमधलं घर, पासपोर्ट आणि तुमचे तीन कोटी दहा लाख

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात: "माझं वय ४६, पत्नीचं ४३. सातपूरला छोटा कारखाना आहे, हिशेब पत्नी बघते. मुलगी १७ वर्षांची, बारावीत. मुलगा १२ वर्षांचा. आई ७४, आमच्याजवळच असते. गंगापूर रोडचा प्लॉट विकून ३ कोटी १० लाख हाती आले. शिवाय ३५ लाखांच्या एफडी, दिंडोरीकडे वडिलोपार्जित तीन एकर द्राक्षबाग, आणि कारखान्यावर ८० लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं खेळतं कर्ज. मुंबईत एका हॉटेलात सेमिनारला गेलो होतो. ग्रीसमध्ये पिरेअसला अडीच लाख युरोचा फ्लॅट घ्या, सात वर्षांत चौघांना ग्रीक पासपोर्ट, भाडं पाच टक्के नक्की, असं एजंट म्हणाला. महिनाअखेरपर्यंत टोकन द्यायचंय. मुलांना युरोप मोकळा व्हावा एवढीच इच्छा. देऊ का?"

नमस्कार. टोकन देऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

एजंटने तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी एकाच पाकिटात घालून दाखवल्यात. घर घेतल्यावर ग्रीस देतो तो निवास परवाना, ज्याला सगळे गोल्डन व्हिसा म्हणतात. तो पाच वर्षांचा असतो, घर तुमच्या नावावर असेपर्यंत नूतनीकरण होत राहतं, आणि त्यासाठी ग्रीसमध्ये एक दिवसही राहावं लागत नाही. इथवर एजंट खरं बोलतोय. नागरिकत्व ही निराळी गोष्ट. त्यासाठी साधारण सात वर्षं कायदेशीर आणि प्रत्यक्ष वास्तव्य लागतं. नुसता परवाना खिशात ठेवून नाशकात बसलेली सात वर्षं त्यात धरत नाहीत. तिथे कर विवरणपत्रं भरलेली हवीत, पुरेसं उत्पन्न दाखवलेलं हवं, आणि ग्रीक भाषेसह तिथला इतिहास, भूगोल, संस्कृती, राज्यव्यवस्था यांची लेखी परीक्षा पास व्हावी लागते. २०२१ पासून ही परीक्षा देशभर एकसारखी झाली आहे. त्यानंतर अर्ज, छाननी, मुलाखत, शपथ. अर्ज केल्यापासून निकालापर्यंतही वर्षं जातात.

ग्रीक लोक या बाबतीत किती कडक आहेत ते बघायचं तर बास्केटबॉलपटू यानिस अँटेटोकूनम्पोचं उदाहरण घ्या. नायजेरियन आईवडिलांचा हा मुलगा १९९४ साली अथेन्समध्ये जन्मला, तिथेच वाढला, ग्रीकच बोलत मोठा झाला. त्याला नागरिकत्व मिळालं २०१३ मध्ये, अमेरिकेत खेळायला जायच्या तोंडावर. तिथे जन्मलेल्याला जिथे अठरा वर्षं थांबावं लागलं, तिथे फ्लॅटच्या किल्लीवर पासपोर्ट मिळेल असं समजू नका. पैसे टाकून थेट पासपोर्ट देणारे देश युरोपीय संघात होते: सायप्रसने ती योजना २०२० मध्ये गुंडाळली, आणि माल्टाची योजना युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवली. ग्रीसची तशी योजना नाही.

आता तुमच्याच घरातली वयं मांडून बघू. समजा, उद्या तुम्ही दोघं खरोखरच बाडबिस्तरा घेऊन पिरेअसला गेलात. सात वर्षांनी तुम्ही ५३ चे. आईवडिलांपैकी एकाला नागरिकत्व मिळालं की अविवाहित अज्ञान मुलांनाही मिळतं. पण तेव्हा मुलगी असेल २४ ची आणि मुलगा १९ चा. दोघंही सज्ञान. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांना तुमच्यामागून पासपोर्ट मिळणारच नाही, त्यांनी आपापला मार्ग काढायचा. त्यातही मुलगी परवान्यावर 'आश्रित' म्हणून येते ती २१ व्या वर्षापर्यंत. मुलाचा एक रस्ता मात्र आहे, आणि गंमत म्हणजे तो सेमिनारमध्ये कुणी सांगितलेला दिसत नाही. २०१५ च्या कायद्याने परदेशी मुलाला ग्रीक शाळेत माध्यमिकची सहा वर्षं पूर्ण केली की नागरिकत्व मागता येतं. तिथे बारा वर्षांच्या आसपास गिम्नासिओ सुरू होतं, तीन वर्षं ते आणि तीन वर्षं लिकिओ. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. पण त्यासाठी त्याला आत्ता, याच वर्षी-दोन वर्षांत, ग्रीक माध्यमात बसवावं लागेल आणि घरातलं कुणीतरी तिथे राहावं लागेल. कारखाना कोण बघणार? आईंजवळ कोण? हे प्रश्न मी तुम्हाला विचारत नाही, तुमच्या पत्नीला विचारा. पत्रात त्यांचं मत कुठेच आलेलं नाही.

मुलगा ग्रीक नागरिक झालाच तर १९ ते ४५ या वयातल्या पुरुषांना तिथे सक्तीची लष्करी सेवा आहे, हेही त्याला आधी सांगून ठेवा.

भारताची बाजू तर सोपी आणि निष्ठुर आहे. ग्रीस दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, आपण नाही. नागरिकत्व कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. मग उरतं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड. मतदान नाही, आणि नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. दिंडोरीची बाग वडिलोपार्जित आहे, ती राहील, पण शेजारचा एकर विकायला निघाला तर तुम्ही फक्त बघत बसाल. द्राक्षवाल्या माणसाला याचा अर्थ मी समजावून सांगायची गरज नाही.

आता पैशांकडे. हिशेबाला एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू.

अडीच लाख युरोचा हा भाव मुळात उरलेला भाव आहे. २०१३ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा देशभर एवढ्यात घर घेऊन परवाना मिळे. घरांच्या किमती भडकल्या, स्थानिक लोक चिडले, आणि सप्टेंबर २०२४ पासून अथेन्स, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि मोठ्या बेटांवर किमान आठ लाख युरो, बाकी ठिकाणी चार लाख, अशी मर्यादा आली. त्यातही घर एकच आणि किमान १२० चौरस मीटरचं. अडीच लाखांत आता दोनच प्रकार बसतात: दुकान, ऑफिस किंवा वर्कशॉपचं रूपांतर करून केलेलं घर, किंवा वारसा यादीतल्या जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार. पिरेअस अथेन्सच्याच पट्ट्यात येतं, म्हणजे तुमचा फ्लॅट पहिल्या प्रकारातला असणार. अशा गाळ्याचा भाव बिल्डर चौरस मीटरवर ठरवत नाही, अडीच लाखांच्या आकड्यावरून उलटा काढतो. पुढे विकताना समोर एखादा साधा ग्रीक माणूस आला तर तो परवान्याचे पैसे देणार नाही, फक्त घराचे देईल. फरक तुमच्या खिशातून जाईल.

पाच टक्के हमीचं भाडं बिल्डर तुमच्याच वाढीव किमतीतून परत देत असतो, हा खेळ आपल्याकडच्या दुकानगाळ्यांत तुम्ही पाहिला असेल. हमी संपल्यावरचं गणित करा. या परवान्यावरची घरं एअरबीएनबीसारखी दिवसावारी भाड्याने देता येत नाहीत. दिली तर पन्नास हजार युरो दंड आणि परवाना रद्द. मग उरतं महिन्याचं साधं भाडं. ८०० युरो धरा, वर्षाचे ९,६००. त्यावर ग्रीसचा कर १५ टक्के, वर एन्फिया नावाचा वार्षिक मालमत्ता कर, इमारतीचा देखभाल खर्च, भाडेकरू बघणाऱ्याचं कमिशन. हाती साडेसहा-सात हजार युरो येतील, म्हणजे गुंतवणुकीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास, तेही घर रिकामं न राहिल्यास. ते उत्पन्न इथल्या विवरणपत्रातही दाखवायचं. पत्नीच्या नावचा पैसा तुम्ही दिलेला असेल तर तिच्या वाट्याचं भाडंही तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. युरो वधारतो, हा मुद्दा तुमच्या बाजूचा, मान्य. २०१३ च्या सुरुवातीला युरो सत्तरीत होता. पण ती वाढ वर्षाला अडीच-तीन टक्क्यांची पडते. दोन्ही मिळून आपल्या सरकारी रोख्यांच्या पुढे फारसं जात नाही.

आता खरी मेख. घराची किंमत अडीच लाख युरो, त्यावर ३.०९ टक्के हस्तांतरण कर, नोटरी, वकील, दलाल, नोंदणी, परवान्याचं शुल्क. सगळं मिळून आठ टक्के धरा: २ लाख ७० हजार युरो, म्हणजे २ कोटी ७० लाख रुपये. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, त्यामुळे तुम्हा दोघांना मिळून पाठवावे लागतील आणि दोघांची नावं खरेदीखतावर लागतील. तिथवर ठीक. पण दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. दोघांचे दहा-दहा लाख सोडले तर अडीच कोटींवर २० टक्के म्हणजे ५० लाख रुपये. हा खर्च नव्हे, प्राप्तिकरात वळता होतो किंवा परतावा मिळतो. पण तोपर्यंत अडकतो. २ कोटी ७० लाख अधिक ५० लाख, म्हणजे ३ कोटी २० लाख. तुमच्याकडे आहेत ३ कोटी १० लाख. पहिल्याच दिवशी एफडी मोडावी लागेल. आणि कॅश क्रेडिटमधून भागवू असं मनात असेल तर ते जमणार नाही, अशा रेमिटन्ससाठी बँकेने कर्ज देऊ नये असा नियम आहे.

प्लॉटचे 'हाती आलेले' ३ कोटी १० लाख भांडवली नफ्याचा कर भरून की भरायच्या आधीचे? हे नक्की कळवा. घर घेऊन हा कर वाचवायची सवलत २०१४ च्या अर्थसंकल्पानंतर भारतातल्याच घराला मिळते. पिरेअसचा फ्लॅट त्यात बसत नाही. एजंटने 'टॅक्स पण वाचेल' असं म्हटलं असेल तर एवढ्यावरूनच त्याची पारख करा. परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे, तेही सेमिनारमध्ये सांगत नाहीत.

तुमची इच्छा मुलांना युरोप मोकळा व्हावा ही. ग्रीक परवान्यावर शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं. जर्मनीत शिकायला किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीला मुलीला तिथलाच व्हिसा काढावा लागेल, घर असो वा नसो. मग तो सरळच काढूया ना. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते. विद्यार्थ्याला वर्षाच्या राहणी-खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, म्हणजे साधारण १२ लाख रुपये. आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही, आधी वर्षभर स्टुडिएनकोलेग, म्हणजे तिथला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, करावा लागतो. म्हणून बरीच मुलं इथे इंजिनिअरिंग करून मास्टर्सला जातात. दोन्ही रस्त्यांना मिळून ६० लाख बाजूला ठेवले तरी हात सैल राहतो. आणि शिकून तिथेच नोकरीला लागली तर जर्मनीचं नागरिकत्व आता पाच वर्षांच्या वास्तव्यावर मागता येतं. ते तिचं तिने ठरवावं, पंचविशीत, स्वतःच्या पगारावर.

बाकीच्या पैशांचं मी असं करीन. करापुरती रक्कम आधी वेगळी. कॅश क्रेडिट पूर्ण बंद करू नका, मर्यादा हवीच असते. पण वापर निम्म्यावर आणा. त्या व्याजाइतका बिनजोखमीचा परतावा तुम्हाला कुठे मिळणार नाही. आईंच्या आजारपणासाठी एफडी आहे तशीच. मुलीचे ६० लाख कमी जोखमीत, कारण ते तीन-चार वर्षांत लागतील. मुलाला वेळ आहे, त्याचे इक्विटीत चालतील. उरलेले तुमच्या दोघांच्या साठीनंतरचे. पत्रात निवृत्तीचा शब्दही नाही, आणि कारखानदार माणसं तिथेच फसतात.

मी 'घ्या' कधी म्हटलं असतं? तुमच्याकडे पंधरा-वीस कोटी मोकळे असते, दोघांना भूमध्य समुद्राकाठी वर्षातले सहा महिने राहायची हौस असती, आणि १८३ दिवसांच्या पुढे राहिल्यावर साऱ्या जगातल्या उत्पन्नावर ग्रीसमध्ये कर लागतो, वरच्या टप्प्यात ४४ टक्क्यांपर्यंत, हे कळूनही हौस टिकली असती, तर. तेव्हा ते घर राहण्यासाठी घेतलेलं असतं.

एजंटला एकच मजकूर लिहून पाठवा: "सात वर्षांत नागरिकत्व मिळेल, ग्रीसमध्ये न राहता, असं तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर द्या." उत्तर काय येतं ते मलाही कळवा. सोबत कॅश क्रेडिटचा व्याजदर, कर भरल्याची चलनं, आणि मुलीला कुठली शाखा हवी आहे ते पाठवा. पुढचा तक्ता त्यावर बसवता येईल.